तेल गाळत अजिंठ्याला

मी वाळूजच्या एका कारखान्यात ऑइल सील तपासतो. इंजिनातलं तेल बाहेर येऊ नये म्हणून जी रबराची कडी बसवतात, ती बरोबर मापाची आहे की नाही हे बघायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं सतरा वर्षांचं काम. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तुम्हाला ते सारखं आठवावं अशी माझी इच्छा नाही, पण माझ्या बायकोची आहे.

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या घरापासून अजिंठा गाव नव्वदेक किलोमीटर. लेणी त्याच्याही पुढे, घाट उतरून. गावात माझे सासरे राहतात, त्यांना मी मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. घराणं मेंढ्या राखणारं. मामांनी मेंढरं कमी करत करत दुधाचा धंदा धरला आणि वीस वर्षं शंभर सीसीच्या एका मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळेगावच्या डेअरीत पोचवलं. ती मोटरसायकल त्यांनी गेल्या दिवाळीत रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला दिली. रेखा याच गाडीवर शिकली होती. गावात गाडी चालवणारी ती पहिली मुलगी, असं ती सांगते आणि मामा मान हलवून दुजोरा देतात.

गाडी देताना मामांनी दोन अटी घातल्या. इंजिन उघडायचं नाही, कारण ते आजवर एकदाही उघडलेलं नाही. आणि काही बिघडलं तर लपवायचं नाही. "संक्रांतीच्या आधी आणून दावा," ते म्हणाले. "नीट ठिवली नसंल तर गाडी इथंच ठिवा आन् एस्टीनं जा." ते हे हसत म्हणाले नाहीत. मामा गाडीच्या बाबतीत हसत नाहीत.

गाडी रेखाची, पण शहरात आणल्यावर ती चालवायला लागलो मी. कसं काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. 'तू कशाला गर्दीत त्रास घेतेस' वगैरे म्हणालो असेन.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी गाडीखाली फरशीवर तेलाचा एक थेंब दिसला. एकच, शर्टाच्या बटणाएवढा. दुसऱ्या कुणी तो पायानं पुसला असता. पण मी दिवसभर थेंब थांबवायच्या वस्तूंवर शिक्के मारणारा माणूस. माझ्याच दारात थेंब म्हणजे हलवायाच्या घरी साखरेचा दुष्काळ. मी रेखाला सांगितलं नाही. मामांना फोन केला नाही. ज्या माणसानं वीस वर्षं ती गाडी सांभाळली त्याला विचारायचं सोडून मी मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले.

व्हिडिओंनी मला पटवलं की स्वस्त तेल हे सगळ्या रोगांचं मूळ आहे. मग मी दुकानातलं सगळ्यात महाग तेल मागितलं. दुकानदारानं विचारलं, कोणत्या गाडीसाठी. मी म्हणालो, तुम्ही सगळ्यात चांगलं द्या. त्यानं पूर्ण सिंथेटिक, शून्य-डब्ल्यू-वीस, नव्या मोटारींचं तेल काढून दिलं. मोठी सोनेरी बाटली होती. घरी येऊन मी जुनं तेल काढलं, नवं ओतलं, मोजायच्या काडीनं पातळी पाहिली. कमी दिसली म्हणून आणखी ओतलं. परत कमी दिसली, परत ओतलं. मग हात पुसून रेखाला म्हणालो, आता ही गाडी आणखी वीस वर्षं बघायला नको. शनिवारी अजिंठ्याला जाऊ, मामांना दाखवू, रविवारी लेणी बघू, सोमवारी परत. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. या लेखातला हा एकमेव सल्ला मी चूक न करता शिकलो आहे.

शनिवारी सकाळी सातला निघालो. थंडी मजबूत होती. छावणीतून दिल्ली गेट, हर्सूल टी पॉइंट, सावंगी. एवढ्या पल्ल्याला जाऊन-येऊन चारेक लिटर पेट्रोल लागतं, ते हर्सूलच्या आत भरून घ्या. रस्ता आता सिमेंटचा आणि रुंद झाला आहे. ज्यांनी तो होत असतानाची वर्षं पाहिली आहेत त्यांच्या कमरेला विचारा, त्यांना हा रस्ता स्वर्गासारखा वाटतो. डाव्या-उजव्या हाताला मका, तूर, मधूनच ज्वारी, आणि कोवळं ऊन.

चौक्याचा घाट तसा नावाचाच घाट. आमची गाडी दोन भरलेल्या किटल्या घेऊन असल्या चढावर कधी कुरकुरली नव्हती. त्या दिवशी मात्र मी पीळ दिला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत बसायची. एक ऊसवाला ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळून आमच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"क्लच घसरतोय का?" मागून रेखानं विचारलं.

मी थंड हवेचं कारण दिलं. थंड हवेत इंजिन कसं वागतं यावर चौका येईपर्यंत बोललो. ती ऐकत होती की नाही माहीत नाही, पण मला माझंच बोलणं पटत चाललं होतं.

फुलंब्रीला चहाला थांबलो. टपरीवरचे पोहे गरम आणि शेंगदाणे भरपूर. दोघांचं नाश्ता-चहासकट शंभराच्या आत भागतं. मी गाडीकडे तोंड करून बसलो आणि तिथंच पोह्यांची चव गेली. गाडीखाली चार थेंब होते. मी बघत असताना पाचवा पडला. घरी एक पडत होता, तो मी महागाचं तेल घालून पाचावर नेला होता. मी उठून गाडीला टेकून उभा राहिलो आणि थेंबांवर बूट ठेवून उरलेला चहा तिथंच प्यायलो. रेखाला मी निसर्ग बघतोय असं सांगितलं. समोर पंक्चरचं दुकान होतं.

फुलंब्री ते सिल्लोड साधारण पस्तीस किलोमीटर. एरवी मी या टप्प्यात आजूबाजूचं वर्णन केलं असतं. मला फक्त आरसा आठवतो, आणि आरशात धूर दिसतोय का हे बघणं. सिल्लोडच्या अलीकडे रेखानं खांद्यावर टकटक केली. गाडी बाजूला घेतली. तिच्या सलवारीच्या काठावर मधाच्या रंगाचे बारीक ठिपके होते.

मी म्हणालो, रस्त्यावरचं डांबर उडालं असेल.

तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा रस्ता सिमेंटचा आहे."

ती एका शाळेत शिकवते. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे कसं बघायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. "गाडी गळतेय," ती म्हणाली. "आप्पांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, आणि त्यांनी ती ठेवून घेतली तर भांडणारही नाही. पण गाडी माझी आहे, एवढं लक्षात ठेवा." मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. त्याआधी नुसती भीती वाटत होती.

सिल्लोड मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. रेखा मिरच्या बघायला बाजारात गेली आणि मी गाडी ढकलत शकीलभाईंच्या गॅरेजात नेली. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला पत्रा आणि त्याखाली पन्नाशीचा एक शांत माणूस. बोलता बोलता मी ऑइल सीलच्या कारखान्यात तपासणीला असतो हेही मी सांगितलं. त्याची काही गरज नव्हती. शकीलभाईंनी काडी काढली, बोटानं तेल चोळलं, वास घेतला.

"ये कार का तेल है, साहब."

मी ते किती महाग आहे ते सांगितलं.

"महंगा है. मगर इसका नहीं है."

मग त्यांनी समजावलं ते मी तुमच्यासाठी लिहून ठेवतो. मोटरसायकलचा क्लच तेलातच भिजलेला असतो. मोटारीच्या तेलात घसरण वाढवणारं औषध असतं, त्यानं क्लचही घसरतो. शिवाय इतकं पातळ तेल जुन्या इंजिनाच्या फटी शोधून काढतं. जुन्या गाडीला वीस-डब्ल्यू-चाळीस, गाडीच्या पुस्तकात असेल तेच. बाटलीच्या मागं बारीक अक्षरांत मोटरसायकलच्या क्लचसाठीची 'जासो एमए' ही खूण आहे का ते बघायचं. सोनेरी रंग बघायचा नाही. तेल आत्ताच बदलू, ते म्हणाले, आणि तरीही गळलं तर मग इंजिन खोलून त्याच्या जोडातलं गास्केट बघावं लागेल.

तेल बदलायला अर्धा तास. तेवढ्यात रेखा आली असती आणि महागाच्या तेलाची कथा तिला शकीलभाईंच्या तोंडून ऐकू आली असती. म्हणून, वाचकहो, अर्ध्या तासात सुटणारी गाठ मी तशीच ठेवली. नुसतं पुसून घेतलं. बरोबरच्या तेलाची एक बाटली विकत घेतली आणि बॅगेत स्वेटरच्या आत गुंडाळली. पहाटे मामा उठायच्या आत गुपचूप बदलून टाकू, असा बेत. शकीलभाईंनी जाताना एक चिंधी दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांना माझी दया आली असावी.

गोळेगावच्या पुढे एका शेतात हुरड्याची पाटी दिसली. थांबा, नक्की थांबा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तळहातावर चोळून निघणारा गरम कोवळा दाणा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. माणशी दीडशे घेतले आणि पोट भरेस्तोवर दिलं. रेखा हातावर हुरडा घेऊन शेताच्या बांधावर बसली होती आणि किती वर्षांची असताना ती या गाडीवर या रस्त्यानं पहिल्यांदा एकटी आली ते सांगत होती. मी गाडी मुद्दाम मातीत लावली होती. मातीत थेंब जिरतात.

दुपारी अजिंठ्याला पोचलो. मामांच्या अंगणात फरशी आहे, म्हणून मी गाडी अंगणात न घेता बाहेर लिंबाखाली लावली आणि खाली पुठ्ठा सरकवला. सावलीत बरी, असं म्हणालो. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. लंगडणारी शेळी कळपात शिरली की ते ज्या नजरेनं बघतात त्याच नजरेनं. सीटवरून हात फिरवला. पुठ्ठ्याकडे पाहिलं की नाही ते मला कळलं नाही. जेवायला बाजरीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि सिल्लोडच्या मिरचीचा ठेचा होता. ठेच्यामुळे डोळ्यांत पाणी आलं, ते एका अर्थी सोयीचं झालं.

पहाटे पाचला बाटली स्वेटरमध्ये लपवून मी चोरपावलांनी बाहेर आलो. लिंबाखाली, गाडीशेजारी, घोंगडी पांघरून मामा बसले होते. शेळीची धार काढून झाली होती. त्यांनी मला पाहिलं, स्वेटरच्या फुगवट्याकडेही पाहिलं.

"थंडी हाय," ते म्हणाले. "लेण्यांला जीपनं जा. गाडी ऱ्हाऊ द्या इथं."

गाडी इथं राहू द्या. मी अंथरुणात परत आलो आणि छपराकडे बघत पडलो. रेखा जागीच होती.

गावातून जीप घाट उतरून फर्दापूरच्या फाट्यावर सोडते. तिथं खाजगी वाहनं थांबतात आणि लेण्यांपर्यंत सरकारी बस नेते. सुटे पैसे ठेवा, पाणी ठेवा, नऊच्या आत पोचा; अकरानंतर सहलींच्या बसेस येतात. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण नदीचं ते वळण आणि त्यावर ओळीनं कोरलेली लेणी दिसली की गुडघे तक्रार विसरतात. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत उभं राहा, घाई करू नका. भिंतीवरचा तो कमळ धरलेला, मान कलती केलेला, खाली बघणारा चेहरा हळूहळू वर येतो. मी त्याला आठ-दहा वेळा पाहिलं असेल. दर वेळी वाटतं, याला आपलं सगळं माहीत आहे, तरी हा रागावलेला नाही. त्या दिवशी ते जरा जास्तच वाटलं.

आत एक पहारेकरी काका होते, जवळच्याच गावचे. काही ठिकाणी चित्रं पिवळट का दिसतात, असं रेखानं विचारलं. त्यांनी सांगितलं, लई वर्षांपूर्वी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर वार्निश फासलं. चांगल्या मनानंच फासलं. पुढं ते वार्निशच पिवळं पडलं, धूळ धरून बसलं, आन् मग ते काढता काढता माणसांचे जन्म गेले.

"दीड हजार वर्सं कुणी काय लावलं नव्हतं, तवर बरी व्हती," काका म्हणाले.

अंधारात रेखा हसायला लागली. आधी हळू, मग ओढणी तोंडाशी धरून. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच मी तिला सगळं सांगून टाकलं: तो पहिला थेंब, अकरा व्हिडिओ, सोनेरी बाटली, शकीलभाई, स्वेटर. काकांनी आम्हाला शांतता राखायला सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, हे सगळं असंच आप्पांना सांगा, थंड हवेचं मात्र गाळा. बाकीची लेणी आम्ही पाहिली, शेवटचा तो निजलेला प्रचंड बुद्धही पाहिला, पण माझं अर्धं लक्ष लिंबाखाली होतं.

परत आलो तर मामा तिथंच होते. पुठ्ठा बाजूला काढून भिंतीला उभा करून ठेवलेला, त्यावर तेलाचं थाळीएवढं वर्तुळ. मी समोर बसलो आणि सांगितलं. काही गाळलं नाही, थंड हवासुद्धा नाही. स्वेटरमधून बाटली काढून पुढे ठेवली. फक्त तो पहिला, घरच्या फरशीवरचा थेंब सांगायचा राहिला. राहिला म्हणजे मी राहू दिला. ऑइल सील तपासणाऱ्याच्या घरात गाडी गळायला लागली हे सुरुवातीचं पाप मला माझ्याच खाती वाटत होतं. सगळं तेलावर ढकललं.

मामांनी बाटलीमागची बारीक अक्षरं रेखाकडून वाचून घेतली. मग विचारलं, "तेल घालताना गाडी कोन्त्या स्टँडवर व्हती?"

मला कळेना. "साइड स्टँडवर."

"आन् मोजलं?"

"तसंच."

मामा उठून आत गेले आणि दुधाचं अर्ध्या लिटरचं माप घेऊन आले. त्यात पाणी भरलं आणि माझ्यासमोर ते एका बाजूला वाकडं धरलं. पाणी एका काठाला चढलं, दुसऱ्या काठाला उतरलं. "काडी ह्या अंगाला हाय," उतरलेल्या काठावर बोट ठेवून ते म्हणाले. "वाकडं माप धरून म्या कुणाचं दूध घेतलं असतं, तर गावानं मारलं असतं मला."

वाळूजला कुणी गेज पातळीत न ठेवता माप घेतलं तर मी त्याचा सबंध ट्रे परत पाठवतो. सतरा वर्षं पाठवतोय. आणि मी कललेल्या गाडीत काडी घालून, कमी दिसतंय, कमी दिसतंय म्हणत तेल ओतत राहिलो होतो. जास्त झालेलं तेल दाबानं वाट काढत होतं, पातळ असल्यामुळे ती वाट त्याला लगेच सापडत होती. इंजिनाचा काही दोष नव्हता. शकीलभाईंकडे ते खोललं असतं तर विनाकारण खोललं असतं.

मग आम्ही तेल बदललं. म्हणजे मी बदललं, मामा बसून बघत होते. इंजिन जरा गरम करून घ्यायचं, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, मेन स्टँडवर सपाट जागी लावायचं, काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत बसवायची नाही. जुनं तेल एका डब्यात काढून मापानं मोजलं तर वाटभर गळूनही लिटरच्या वर निघालं. पुस्तकात नऊशे मिलिलिटर लिहिलंय. मामांनी नवी बाटली थोडी उरवायला लावली. पूर्ण ओतायचा मोह मला तेव्हाही झाला.

सोमवारी सकाळी निघताना मामांनी किल्ली हातात धरली आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. एस्टी स्टँड कोणत्या बाजूला हे मी मनात आठवायला लागलो होतो.

"इंजिन उघडलं नाय, ते बरं केलं," ते मला म्हणाले. "पर दोन दिस लपवलं." मग किल्ली रेखाच्या हातात दिली. "गाडी तुजी हाय, तूच चालव. जावईबापू मागं बसतील. कवर, ते म्या सांगंन."

नव्वद किलोमीटर मी मागे बसून आलो. एक सांगतो, मागच्या सीटवरून हा रस्ता फार सुंदर आहे. मका किती उंच आहे, मिरच्या कुठं वाळत घातल्यात, गोळेगावच्या पुढे डोंगराची रांग कशी दिसते, हे सगळं मला येताना कळलं. रेखा छान चालवते, माझ्यापेक्षा छान. चौक्याच्या घाटात, उताराला, तिनं एका ट्रॅक्टरला मागे टाकलं आणि मी वळून ट्रॅक्टरवाल्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तो दुसरा होता, पण चालतं.

आता संक्रांत होऊन गेली आहे. किल्ली रेखाच्या पर्समध्ये असते, ती गाडीनं शाळेत जाते आणि मी कंपनीच्या बसनं वाळूजला. सिल्लोडची मिरची संपत आली. शकीलभाईंची चिंधी मात्र धुऊन ठेवली आहे. रविवारी सकाळी मी गाडीखाली पांढरा कागद पसरतो. क्लच घसरत नाही, धार बंद आहे. पण कागदावर दर वेळी एक थेंब असतो. बटणाएवढा. पहिले तीन रविवार मी तो कागद रेखा उठायच्या आत चुरगाळून टाकला.

चौथ्या रविवारी मी कागद हातात घेऊन उभा असतानाच मामांचा फोन आला. रेखाला नाही, मला. शेळ्या कशा आहेत ते सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडीखाली काय पडतं का?"

काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"एक थेंब पडतो, मामा. पहिल्यापासून पडतोय. तेल बदलायच्या आधीपासून. तेवढा सांगायचा राहिला होता."

पलीकडे शेळी ओरडली.

"त्यो थेंब पंधरा वर्सं पडतुया," मामा म्हणाले. "जुनं जनावर हाय, तेवढं गळायचंच. तुमी कवा सांगताव, तेच बगत व्हतो. घ्या किल्ली मागून तिच्याकडनं."

मी आत जाऊन किल्ली मागितली. रेखानं वह्या तपासता तपासता वर पाहिलं, पर्सकडे हात नेला आणि थांबली.

"आधी मेन स्टँडवर लावून दाखवा," ती म्हणाली.